पुढच्या गावाची बखर

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित अंश)



माझ्याकडे दोनशे पानांची एक वही आहे. वहीवर रेघोट्या आहेत, डाग आहेत, चहाच्या कपाची गोल खूण आहे. आत जे लिहिलंय ती कविता नाही. कवितेच्या वह्या वेगळ्या. या वहीत मी एका गावाचा इतिहास लिहितो आहे, आणि तो अजून घडलेला नाही. गेली तीस-बत्तीस वर्षं लिहितोय. मित्र चेष्टा करतात की, बाबा, माणसं झालेला इतिहास लिहितात, तू व्हायचा तो लिहितोस. मला त्याचं वाईट वाटत नाही. आज त्या वहीबद्दल थोडं बोलावं म्हणतो.

गाव तेरणेच्या काठचं. तेव्हाचा उस्मानाबाद, आताचा धाराशिव जिल्हा. नाव सांगत नाही, कारण नाव सांगितलं की ते माझ्या एकट्याचं होतं. १९९३ साली जी बावन्न गावं पुरती गेली त्यांतलं एक समजा. तुम्ही त्या भागातले असाल तर तुमचं गाव समजा.

३० सप्टेंबर १९९३, गुरुवार, पहाटेचे तीन वाजून छप्पन्न मिनिटं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. रात्री उशिरापर्यंत विसर्जनं चालली होती, माणसं दमून नुकतीच आडवी झाली होती. मी वीस वर्षांचा, उमरग्याला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षात. वर्गातल्या पोरांबरोबर मिरवणुकीत लेझीम खेळलो आणि रूमवरच झोपलो. गावी जायची शेवटची गाडी चुकली होती. एवढंच कारण. बाकी माझ्यात काही विशेष नव्हतं.

आमचं घर मणेराचं. अब्बा बाजाराला जायचे, अम्मा गावात घरोघर बांगड्या भरायची. घरात हिरव्या बांगड्यांचे तोडे दोरीला ओवून खुंटीवर टांगलेले असायचे. सकाळी नऊ-दहाच्या सुमाराला मी गावाच्या वेशीपाशी पोचलो तेव्हा वेस नव्हती. आमच्या गल्लीत दगडाचा आणि पांढऱ्या मातीचा एक ढीग होता. अम्मा जिवंत निघाली. अब्बा आणि धाकटी बहीण निघाले नाहीत, म्हणजे निघाले, पण तसे नाही. नंतर पाऊस लागला. जळणं भिजलेली, लाकूड कमी. तिकडे सामुदायिक चिता पेटत नव्हत्या, इकडे आम्ही कबरस्तानात चिखल उपसत होतो. याहून जास्त आज बोलत नाही. त्यावर पुष्कळांनी लिहिलंय.

वहीला सुरुवात झाली ती पत्र्याच्या शेडमध्ये. १९९४ चा उन्हाळा. शेडमध्ये दुपारी बसवत नसे. बाहेर लिंबाखाली बसून मी लिहायला घेतलं, ‘आमचे गाव पुन्हा कसे वसले त्याची हकीकत’. पहिल्याच पानावर सगळे परत आले होते. वाजतगाजत. वेस उभी राहिली होती, मारुतीच्या पारावर माणसं बसली होती, पीरसाहेबांच्या उरुसाला दिवे लागले होते, अब्बा बाजाराहून सायकलवर येत होते. मोठ्या उमाळ्यानं लिहिलं आणि रात्री कंदिलाच्या उजेडात अम्माला वाचून दाखवलं. आमच्या घरात दखनी बोलतात. ती ऐकून बराच वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, “मरे सो लोगां कू कायकू बुलाया रे?” मग जरा वेळानं, “पैले पानी का लिख, बाद में लोगां का.”

ही माझी पहिली समीक्षा. पुढं संमेलनांतून, मासिकांतून पुष्कळ समीक्षा ऐकली, वाचली; इतकी उपयोगाची एकही नव्हती. मी ती पानं फाडली. तेव्हापासून या वहीत मेलेलं माणूस परत येत नाही, आणि पाण्याची सोय झाल्याशिवाय जिवंत माणूसही येत नाही.

आता तुम्ही म्हणाल, गाव तर वसलंच होतं की. खरं आहे. सरकारनं, संस्थांनी, जागतिक बँकेच्या कर्जातून, देशभरच्या देणग्यांतून ती बावन्न गावं नव्या जागी बांधली. कामात त्रुटी होत्या, पण एवढं मोठं काम इतक्या कमी वर्षांत आपल्याकडे क्वचितच झालं असेल, हेही कबूल केलं पाहिजे. आमचं नवं गाव दोन किलोमीटरवर उंचवट्याला आहे. सरळ रस्ते, सरळ रांगा. घरं जमिनीच्या हिशेबानं मिळाली. भूमिहीन आणि अगदी थोडी जमीन असलेल्याला अडीचशे चौरस फूट, मधल्याला चारशे, मोठ्या खातेदाराला साडेसातशे. आम्हाला अडीचशे. अम्मा टोपली घेऊन निघायची तर पूर्वी एका बोळात वीस उंबरे व्हायचे. इथं वीस उंबऱ्यांना अर्धं गाव पालथं घालायला लागायचं. तिचे गुडघे नव्या गावानं घेतले, असं ती म्हणायची. आणि पहिली दोन वर्षं बांगड्या भरायला हात पुढं करणाऱ्या बायका तरी किती होत्या? एखादी नवरी, एखादी माहेरवाशीण. बाकीच्या टोपलीकडं बघायच्या आणि आत जायच्या.

मी जे लिहितो ते जुन्या गावठाणाचं. दगडांच्या ढिगांवर आज वेडी बाभूळ माजलेली आहे त्या जागेचं. तिथं पुन्हा माणूस राहायला लागला तर कसा लागेल? एका दिवसात नाही. कसा कसा, कोण आधी, कोण मागून, कशासाठी?

याला काही आधार हवा म्हणून मी जुनं वाचायला लागलो. आपल्या मुलखात गावं उजाड होणं आणि पुन्हा वसणं ही नवी गोष्ट नाही. बखर हा शब्दच ‘खबर’ची अक्षरं उलटून झाला असं काही जाणकार मानतात. सगळ्यांना ते मान्य नाही, पण मला ते आवडतं. खबर अरबी, बखर मराठी. माझ्यासारख्याला अशी व्युत्पत्ती बरी पडते, हे तुम्ही समजून घ्याल.

ग्रँट डफनं १८२६ साली मराठ्यांचा इतिहास छापला. त्याच्या सुरुवातीच्या भागात दुर्गादेवीच्या दुष्काळाची हकीकत आहे. परंपरेप्रमाणे हा दुष्काळ १३९६ पासून पुढं बारा वर्षं टिकला. तो बारा वर्षं होता की कमी, यावर वाद असतील, पण मुलूख ओस पडला होता याबद्दल लोकांच्या आठवणी पक्क्या होत्या. १४२९ च्या सुमाराला बहामनी दरबारानं तो वसवायला दोन माणसं पाठवली. एक दादू नरसू काळे नावाचा ब्राह्मण, आणि दुसरा दरबारातला एक तुर्की खोजा. आधी वाटमाऱ्यांचा बंदोबस्त झाला. मग हे दोघं गावांच्या शिवा शोधायला लागले, तर शिवा सांगणारं कुणी उरलंच नव्हतं. त्यांनी दोन-दोन, तीन-तीन गावांची मिळून एक-एक गावं केली. जो कसेल त्याला जमीन दिली. पहिल्या वर्षी सारा माफ. दुसऱ्या वर्षी बिघ्याला एक तोबरा धान्य. तोबरा म्हणजे घोड्याच्या तोंडाला बांधायची चंदीची पिशवी.

श्रोतेहो, मला तो तोबरा फार आवडला. सरकारनं उजाड झालेल्या माणसाकडं मागायचं तर किती मागायचं, तर घोडं एका वेळी खाईल तेवढं. पुढं मराठेशाहीतही पडीक जमीन लागवडीला आणण्यासाठी कौल देत, इस्तावा देत. म्हणजे सारा पहिल्या वर्षी नावाला, मग दरसाल थोडा थोडा चढत जाऊन काही वर्षांनी पुऱ्या दराला पोचायचा. माणूस एका वर्षात रुजत नाही हे त्या कारकुनांना माहीत होतं. मी त्या वहीत सगळा काळ इस्ताव्यानं मोजायला लागलो.

तर वहीतलं थोडं सांगतो. सुरुवातीला मी सनावळी घालत असे. लिहिलं होतं, सन २००३, पहिली चूल पेटली. २००३ आलं आणि गेलं. खोडून २०१३ केलं. तेही खोडलं. आता सन घालत नाही, पहिलं वर्ष, दुसरं वर्ष असं लिहितो.

पहिल्या वर्षी गावचं कुणी येत नाही. कोळसेवाले येतात. बाभळी तोडतात, भट्टी लावतात. जुन्या गावठाणात पहिला जाळ पेटतो तो परक्या माणसांचा. त्यांना गावाचं नावही ठाऊक नाही. वाड्याच्या चौथऱ्यावर त्यांची पोरं झोपतात. नव्या गावातून कुणीतरी विचारायला जातं, भीती नाही का वाटत? ते म्हणतात, कशाची?

तिसऱ्या वर्षी आड उपसतात. शेतं तर जुन्या गावालगतच राहिली होती, उन्हाळ्यात पाणी लागतंच. आडातून गाळ निघतो, दोन घागरी निघतात, एक पितळी तांब्या निघतो. तांब्यावर नाव कोरलेलं असतं. नाव वाचणारे दोघं-तिघं असतात, घेऊन जाणारं कुणी नसतं. तो तांब्या आडाच्या कठड्यावरच राहतो. येणारा-जाणारा त्यानं पाणी पितो.

सहाव्या वर्षी एक कुटुंब रानडुकरांच्या राखणीला म्हणून हरभऱ्याच्या दिवसांत राहतं आणि हरभरा निघाल्यावरही परत जात नाही. का जात नाही, ते मी लिहिलेलं नाही. चार वेळा लिहिलं, चारही वेळा खोटं वाटलं. भावकीत पटत नसेल. अडीचशे फुटांत दोन सुना मावत नसतील. जुन्या मातीची ओढ वगैरे मी लिहून पाहिलं होतं, पण ओढीनं कुणी पावसाळा काढत नाही.

नवव्या वर्षी दगडाचं पहिलं घर उभं राहतं. इथं मात्र मी वर्षभर अडलो होतो. आमच्याकडे कितीतरी माणसं भूकंपानंतर दगडी भिंतीला पाठ लावून बसत नसत. पक्कं घर मिळालं तरी अंगणात पत्रे ठोकून त्याखाली झोपत. अम्मा शेवटपर्यंत दाराशी झोपली. मग या माणसांच्या गावात दगडाचं घर कोण बांधील? मी ओळखीच्या एका इंजिनिअरला विचारत बसलो. त्यांनी मला जे समजावलं ते असं. दोन-अडीच फुटी भिंत म्हणजे खरं तर बाहेरची एक आणि आतली एक अशा दोन भिंती, मध्ये दगडाचे तुकडे आणि माती. दोन्हींना बांधून ठेवणारा आरपार लांब दगड नाही. वर माळवद, त्यावर दरवर्षी मातीचा थर चढवत गेलेलो. हादरा बसला की भिंत दोन बाजूंना फाकणार आणि ते सगळं ओझं खाली. पण जिथं लाकडी खण धडधाकट होते, खांब-तुळया नीट जोडलेल्या होत्या, तिथं काही ठिकाणी भिंती पडल्या तरी खण उभे राहिले. म्हणजे आमच्या आज्या-पणज्यांना अर्धी विद्या येत होती. आणि उरलेली अर्धी आम्हाला कुणी सांगितली नाही, कारण हा भाग भूकंपाचा नाहीच असं सगळे धरून चालले होते. नकाशात आम्ही सगळ्यांत निर्धोक पट्ट्यात होतो. १९९२ च्या ऑक्टोबरात किल्लारीला धक्के बसले होते, लोक काही रात्री बाहेर झोपले, पुन्हा आत गेले. आमचा पट्टा नकाशावर बदलला तो २००२ साली.

तर वहीतल्या नवव्या वर्षी एक गवंडी तोच जुना दगड वापरतो, पण चार-चार फुटांवर आरपार दगड घालतो, दारा-खिडक्यांच्या डोक्यावरून घरभर काँक्रीटची पट्टी फिरवतो, वर हलका पत्रा टाकतो. घरमालकीण तरीही सहा महिने अंगणात झोपते. मग थंडी पडते.

शेजारचे तात्या आता नाहीत. ते असताना त्यांना मी इथवर वाचून दाखवलं होतं. त्यांचे दोन नातू गेले होते. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, “समदं ब्येस हाय, पर ह्यात भांडण न्हाई. बांधावरून कुणी कुणाचं टकुरं फोडत न्हाई तवर गाव कसलं त्ये?” मी त्यांच्या शब्दाखातर चौदाव्या वर्षी एक भांडण घातलं. मोजणी येते, मोजणीदार साखळी धरतो, आणि कुणाचीच हद्द जुळत नाही. दादू नरसू काळ्यांच्या वेळेसारखंच.

गणपतीही आहे. वहीतल्या त्या गावात तो बसतो विसाव्या वर्षी, आणि विसर्जन दिवसाउजेडी होतं. तसा ठराव वगैरे कुणी केलेला नसतो. तेरणेवरून लोक दिवस मावळायच्या आत परततात आणि त्या रात्री कुणी लवकर झोपत नाही, एवढंच लिहिलंय.

आता जरा अवघड भाग. माझा एक मित्र आहे, तोही कविता लिहितो. आमच्याच गावचा, पण वेशीबाहेरच्या वस्तीतला. त्याला मी साताठ वर्षांपूर्वी वही दिली. त्यानं दोन दिवसांत परत आणून दिली आणि विचारलं, “तुझ्या गावात माझं घर कुठं आहे?” मी पानं चाळायला लागलो. मारुतीचा पार होता, वाडा होता, पीरसाहेब होते, आड होता. तो म्हणाला, “त्या आडावर माझी आई कधी गेली होती, आठवतं का? तू तांब्या कठड्यावर ठेवलास. येणारा-जाणारा पितो म्हणालास. कोण येणारा, कोण जाणारा?”

मी काय उत्तर देणार? जुनं गाव होतं तसं परत यावं असं वाटणारे आम्ही बहुतेक मधल्या गल्ल्यांतले. मी स्वतःला गावकुसाच्या कडेचा समजत होतो. मणेराचं पोर, अडीचशे फुटांचा धनी. पण आमची गल्ली वेशीच्या आत होती. नवं गाव आम्हाला परकं वाटलं, त्याला ते तितकं वाटलं नाही. नळ दारात आला होता. तो म्हणाला, “तुझं जे मोडलं त्यातलं थोडं मोडायलाच पाहिजे होतं, फक्त माणसं मरायला नको होती.” आम्ही दोघंही बराच वेळ काही बोललो नाही. मग त्याच्या बायकोनं चहा आणला.

त्यानंतर मी तिसऱ्या वर्षापासून सगळं पुन्हा लिहिलं. आड उपसायला कोण उतरतं, पहिलं पाणी कोण काढतं, तांब्यावरचं नाव वाचून कोण काय म्हणतं, सगळंच बदललं. गावाला वेस घालायची नाही असं ठरवलं. लिहिताना दिसलं की वेस नसेल तर पार कुठं, हाटेल कुठं, एस.टी. कुठं थांबेल, सगळंच हलतं. अजून पुरतं बसलेलं नाही.

दुसरी हरकत घरातून आली. माझा पुतण्या नव्या गावात जन्मला. आता पंचविशीचा आहे, पुण्याला एका कंपनीत असतो. त्याला वाटतं की मी त्याचं गाव खोडतोय. “चाचा, तुम्ही ‘नवं गाव’ म्हणता. तीस वर्षं झाली. मला दुसरं कुठलं गाव नाही. ए लाइन, बी लाइन, आमचं क्रिकेटचं मैदान, हेच माझं जुनं.” त्याचं बरोबर आहे. ज्याला आपण छावणी समजत होतो ते कुणाचं तरी वतन झालं, आणि ते कधी झालं ते आपल्या लक्षातही आलं नाही. माझ्या वहीत त्याच्या गावाचं काय होतं, ते मी लिहिलंच नव्हतं. माणसं तिकडं वसली म्हणजे इकडून उठली असणार की.

त्यानंच मला मोबाइलवर जपानमधलं एक गाव दाखवलं होतं. फुकुशिमातलं फुताबा. मार्च २०११ मध्ये अणुभट्टीच्या अपघातानंतर पुरतं रिकामं केलं. तिथं राहायला परवानगी मिळाली ती ३० ऑगस्ट २०२२ ला, आणि तीही काही भागात. अकरा वर्षांनी. सुरुवातीला परतणारी माणसं अगदी मोजकीच. पुतण्या म्हणाला, “बघा, तिथंही तरुण येत नाहीत.” मी म्हणालो, “पण कुणीतरी आलं ना?” आम्ही दोघं एकच बातमी वाचत होतो.

अम्मा गेली त्याला चार वर्षं झाली. नव्या गावालाही कबरस्तान आहे, जवळ आहे, डांबरी रस्ता आहे. पण तिनं आधीच सांगून ठेवलं होतं. अब्बांच्या आणि बहिणीच्या बाजूला. पावसाळ्याचे दिवस होते. बाभळी तोडत तोडत वाट करावी लागली. माझा तो कवी मित्र कुऱ्हाड घेऊन पुढं होता, तात्यांचा मुलगा ट्रॅक्टर घेऊन आला. वहीच्या हिशेबानं अजून पहिलं वर्षही सुरू झालेलं नव्हतं, कोळसेवाले यायचे होते. ती सगळ्यांच्या आधी जाऊन राहिली. मेलेलं माणूस परत येत नाही हा नियम तिनंच घातला होता, आणि मोडलाही तिनंच. मी ते वहीत लिहिलेलं नाही.

गेल्या ईदला पुतण्या आला होता. नमाज झाल्यावर आम्ही जुन्या कबरस्तानात गेलो. गवत वाढलं होतं. अम्माच्या उशाला लावलेलं लिंबाचं रोप सुकत चाललं होतं. जवळपास पाणी नाही. आड गाळानं भरलेला आहे, त्यात कबुतरं राहतात. पुतण्या उठला, काही न बोलता मोटारसायकल काढली आणि नव्या गावातून वीस लिटरचा एक कॅन भरून आणला. रोपाला घातलं, उरलेलं शेजारच्या दोन झुडपांना घातलं. मग आडाच्या कठड्यावर वाकून बराच वेळ आत बघत राहिला.

“चाचा, हा किती हात खोल होता?” त्यानं विचारलं.

मला आठवेना. तात्या असते तर त्यांनी सांगितलं असतं. आम्ही एक खडा टाकला, पण खाली गाळ होता, आवाज आला नाही. परत येताना तो कुणाला तरी फोन करून गाळ काढणाऱ्या यंत्राचं भाडं विचारत होता. भाडं जास्त होतं. दिवाळीनंतर कमी होतं म्हणाले.